पाणी भरणाऱ्या चाकरांची साक्ष

काना गावच्या लग्नाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत मुलांना दर वर्षी शिकवतो. पाण्याचा द्राक्षारस झाला, यजमानाची अब्रू राखली गेली, येथे आपली गोष्ट बहुधा संपते. पण योहानाने त्या अध्यायात एक लहानशी नोंद करून ठेवली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भोजनकारभारी द्राक्षारस चाखून चकित झाला, पण तो कोठून आला हे त्याला कळले नाही. ज्या चाकरांनी रांजण भरले होते त्यांना मात्र सर्व ठाऊक होते. पंगतीत मानाच्या जागी बसलेल्याला जे दिसले नाही ते मागील दारी राबणाऱ्यांना दिसले.

आम्हा गोवेकरांना हे फार समजावून सांगावे लागत नाही. पेडणे असो की डिचोली, जुन्या भाटकाराची कीर्ती ऐकायची असेल तर त्याच्या दिवाणखान्यातली तसबीर पाहावी. पण तो माणूस कसा होता हे जाणायचे असेल तर त्याच्या माडांखाली झोपडी बांधून पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मुंडकाराच्या घरी विचारावे.

अमेरिकेचा सोळावा अध्यक्ष अब्राहाम लिंकन याच्या पुष्कळ तसबिरी आपण उपदेशांत आणि मुलांच्या सभांत टांगल्या आहेत. लाकडी झोपडीत जन्मलेला मुलगा, यादवी युद्धाच्या वणव्यात देश एकसंध राखणारा, गुलामांच्या बेड्या तोडणारा. हे सर्व खरेच आहे. पण त्याबरोबर काही ऐकीव कथाही चिकटल्या आहेत. त्याने गुप्तपणे बाप्तिस्मा घेतला होता, ही त्यांपैकीच एक. मी स्वतः उपदेशात अशा कथा सांगितल्या आहेत. पुढे वाचन वाढले तेव्हा त्यांना भक्कम आधार नाही असे आढळले, आणि ते मनाला लागले. म्हणून या वेळी तसबीर बाजूला ठेवून, लिंकनला जवळून ओळखणाऱ्या, पण ज्यांची नावे आपल्या मुलांना कोणी शिकवत नाही, अशा काही माणसांकडून त्याचे चरित्र ऐकावे असे मी योजले आहे.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात झाला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब इंडियाना राज्यातील रानात राहावयास गेले. १८१८ साली त्याची आई नॅन्सी वारली. अब्राहाम तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी वडिलांनी सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेशी लग्न केले. सावत्र आई म्हटले की आपल्याकडच्या कहाण्यांत काय येते ते सांगावयास नको. साराने आल्याआल्या त्या ओसाड घरात लाकडी फरसबंदी करवून घेतली, आईवाचून वाढलेल्या दोन्ही मुलांना न्हाऊमाखू घातले, आपल्या आणि त्यांच्या मुलांत भेद केला नाही. तिच्या सामानात काही पुस्तके होती. तिला स्वतःला लिहितावाचता येत नव्हते, पण वाचत बसलेल्या मुलाला तिने कामासाठी कधी उठवले नाही, इतरांनाही उठवू दिले नाही. ज्या मुलाचे शाळेतले सर्व दिवस मोजले तरी वर्ष भरत नाही, तो पुढे वकील झाला, याचे एक कारण ही निरक्षर बाई होती.

वडिलांशी लिंकनचे फारसे जमले नाही. १८५१ साली ते वारले तेव्हा तो अंत्यविधीलाही गेला नाही. चरित्रकार ही गोष्ट लपवत नाहीत, आपणही लपवू नये. पण अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला निघण्यापूर्वी, १८६१ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत तो मुद्दाम प्रवास करून सावत्र आईला भेटून आला. आपला मुलगा पुन्हा दृष्टीस पडणार नाही अशी भीती तिला वाटली होती, आणि तसेच झाले. ती त्याच्यानंतर चार वर्षे जगली.

१८३१ साली, बावीस वर्षांचा लिंकन इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्यात दुकानावर काम करीत असताना, त्याला वाटेत एक परका कृष्णवर्णीय तरुण भेटला. हैती बेटावर जन्मलेला हा विल्यम द फ्लोरव्हिल धंद्याने न्हावी होता आणि खिसा रिकामा होता. लिंकन त्याला आपण जेवत असलेल्या खाणावळीत घेऊन गेला, तेथील मंडळींशी त्याची ओळख करून दिली, आणि त्या संध्याकाळी बिलीने त्या सर्वांच्या दाढ्या करून वाटखर्च मिळवला. पुढे स्प्रिंगफील्ड गावात त्याने दुकान काढले, आणि लिंकन तेथे वकिली करू लागल्यावर त्याचे कायमचे गिऱ्हाईक झाला. इलिनॉयमध्ये गुलामगिरी नव्हती, पण काळ्या माणसाला मताचा अधिकार नव्हता, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्षही देता येत नसे. अशा राज्यात बिलीच्या जमिनीचे आणि करांचे कामकाज लिंकन पाहत असे.

१८६३ च्या डिसेंबरात या न्हाव्याने अध्यक्षांना पत्र लिहिले. ते जपून ठेवलेले आहे. त्यात त्याने लिंकनच्या वारलेल्या मुलाबद्दल दुःख व्यक्त केले, गुलाममुक्तीबद्दल आभार मानले, आणि धाकट्या टॅडसाठी निरोप दिला की गावी मागे राहिलेला त्यांचा कुत्रा खुशाल आहे. ज्याच्या टेबलावर सेनापतींच्या तारा आणि मृतांच्या याद्या पडत होत्या, त्याला मुलाच्या कुत्र्याची खुशाली कळवावी असे या एका माणसाला सुचले.

वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या घराशी सर्वांत जवळून संबंध आला तो एलिझाबेथ केकली या शिवणकाम करणाऱ्या बाईचा. ती १८१८ साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मली. मालकांच्या घरी तिने चाबकाचे फटके खाल्ले, एका गोऱ्या माणसाच्या जुलमातून तिला एक मुलगा झाला, आणि पुढे सेंट लुइस शहरात ती शिवणकाम करून मालकाच्या सगळ्या घराचे पोट भरू लागली. स्वतःची आणि मुलाची किंमत १,२०० डॉलर ठरली. तिच्या गिऱ्हाईक बायकांनी ती रक्कम उसनी दिली, १८५५ साली ती मोकळी झाली, आणि नंतर तिने सुईच्या जोरावर सर्व कर्ज फेडले. १८६१ च्या मार्चमध्ये अध्यक्षांच्या पत्नी मेरी लिंकन यांचे कपडे शिवण्याचे काम तिला मिळाले. ती नुसती शिंपीण राहिली नाही. त्या तापट, दुःखी बाईची ती सखी झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा एकुलता मुलगा जॉर्ज मिझूरीच्या रणांगणावर पडला. काळ्यांना सैन्यात घेत नव्हते, म्हणून तो गोरा म्हणवून भरती झाला होता. सहा महिन्यांनी, २० फेब्रुवारी १८६२ रोजी, लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापाने वारला. त्या बालकाला शेवटचे स्नान घालून कपडे चढवण्याचे काम एलिझाबेथने केले. लिंकन खोलीत आला, मुलाच्या चेहऱ्यावरील वस्त्र दूर करून पाहत राहिला, आणि तो उंच, रापलेला माणूस लहान मुलासारखा रडू लागला. हे तिने डोळ्यांनी पाहिले. स्वतःच्या मुलाचे प्रेत तिला पाहावयास मिळाले नव्हते. दुसऱ्याच्या मुलाला मात्र तिने सजवले.

तिने पुढे लिहिलेल्या आठवणींत आणखी एक प्रसंग आहे. युद्धाच्या वाईट बातम्या येत होत्या. एके दिवशी लिंकन अगदी खचून घरात आला, कोचावर बसला आणि जवळचे पवित्र शास्त्र उघडून वाचू लागला. काही वेळाने त्याच्या मुद्रेवरचा अंधार सरल्यासारखा तिला दिसला. कोणता भाग वाचून हे झाले हे जाणण्याची तिला उत्सुकता लागली. काहीतरी हरवलेले शोधण्याच्या मिषाने ती कोचामागून गेली आणि हळूच डोकावली. तो ईयोब वाचत होता. प्रिय शिक्षकहो, लिंकनच्या विश्वासाविषयी आपणास आधाराने सांगता येतील अशा गोष्टींत ही एक आहे, आणि ती कोणा मंत्र्याने पाहिलेली नाही, कपडे शिवणाऱ्या बाईने पाहिलेली आहे.

येथे एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. १४ ऑगस्ट १८६२ रोजी लिंकनने पाच कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना भेटीस बोलावले, आणि दोन्ही वर्णांनी वेगळे राहणे बरे, तुम्ही मध्य अमेरिकेत जाऊन वसाहत करावी, असे त्यांना सुचवले. त्यांच्या समाजाला याचा संताप आला, आणि तो रास्त होता. त्याच उन्हाळ्यात एलिझाबेथ केकली काय करीत होती? युद्धामुळे मालकांपासून सुटून हजारो उघडेवाघडे, भुकेले लोक वॉशिंग्टनमध्ये येत होते. तिने आपल्या कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन मंडळीत बोलून त्यांच्यासाठी मदतीचा संघ उभा केला. त्या संघाला मेरी लिंकननी २०० डॉलर दिले, अध्यक्षांनीही मदत केली. ज्यांना दूर पाठवण्याचा विचार दिवाणखान्यात चालला होता त्यांच्यासाठी त्याच घरात येजा करणारी बाई पांघरुणे गोळा करीत होती.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. तो फक्त बंडखोर राज्यांपुरता होता. सगळ्या देशातली गुलामगिरी १८६५ सालच्या घटनादुरुस्तीने संपली. जाहीरनाम्यानंतर दूरच्या वसाहतीची भाषा त्याने जाहीरपणे पुन्हा केली नाही. त्या काळी आपला गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, आणि येथील मोठ्या घरांतही आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले आहेत. पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी मोडणारा हुकूम १८६९ साली निघाला. १८७३ साली महात्मा जोतिराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. तेव्हा ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची असली तरी परकी नाही.

विलीच्या मृत्यूनंतर धाकटा टॅडही आजारी होता आणि आईने अंथरूण धरले होते. तेव्हा जखमी शिपायांच्या इस्पितळातून रिबेका पॉमरॉय या परिचारिकेला बोलावण्यात आले. ती मॅसॅच्युसेट्सची विधवा होती. पती आणि दोन मुले वारली होती, उरलेला एक मुलगा सैन्यात होता. आपले रोगी सोडून अध्यक्षांच्या घरी जाण्यास ती खुशीने आली नाही. रात्री मुलाजवळ ती बसलेली असताना लिंकन तिला विचारू लागला की एवढे दुःख तिने कसे सोसले. तिने सांगितले की आरंभी तिलाही सोसले नव्हते, पण हळूहळू देवाने धीर दिला. त्याने तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारले. देशाचा अध्यक्ष एका परिचारिकेकडून विश्वासाचा धडा घेत होता, आणि एकदा ऐकून त्याचे समाधान झाले नव्हते.

पुढे तो तिच्या इस्पितळात आला असता तिने स्वयंपाकघरातील तीन कृष्णवर्णीय नोकरांची त्याच्याशी ओळख करून दिली. त्याने तिघांशी हात मिळवला. तेथील अधिकाऱ्यांना हे रुचले नाही, पण तिला त्याची पर्वा वाटली नाही.

आता विल्यम जॉन्सन. हा कृष्णवर्णीय तरुण स्प्रिंगफील्डहून लिंकनबरोबर चाकर म्हणून आला. अध्यक्षांच्या वाड्यातील जुने नोकर काळेच, पण उजळ वर्णाचे होते. जॉन्सन अधिक सावळा, म्हणून त्यांना तो आपल्यात नको झाला. जातीत जात आणि रंगात रंग आपल्याला नवा नाही. शेवटी लिंकनने त्याच्यासाठी दुसरीकडे जागा शोधण्यास सुरुवात केली. युद्धाच्या गर्दीतही त्याने मंत्र्यांना स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या, आणि १८६१ च्या अखेरीस जॉन्सनला अर्थखात्यात वर्षाला ६०० डॉलरवर निरोप्याची नोकरी मिळाली. सकाळी लिंकनची दाढी करून मग तो कचेरीत जाई.

१८ नोव्हेंबर १८६३ रोजी लिंकन गेटिसबर्गच्या रणभूमीकडे निघाला तेव्हा जॉन्सन सोबत होता. दुसऱ्या दिवशी लिंकनने तेथे दोन-तीन मिनिटांचे ते भाषण केले, जे आज शाळांतून शिकवतात. परतताना गाडीत त्याचे डोके दुखू लागले, आणि जॉन्सनने त्याच्या कपाळावर थंड पाणी लावले. ती देवीची सौम्य लागण होती. लिंकन काही आठवड्यांत बरा झाला. जानेवारीत जॉन्सनला देवी आल्या, त्या सौम्य नव्हत्या. त्याला ही लागण लिंकनपासून झाली की शहरातल्या साथीतून, हे ठरवता येत नाही.

त्या दिवसांत एक वार्ताहर अध्यक्षांना भेटावयास गेला. लिंकन टेबलावर नोटा मोजून पाकिटांत वेगवेगळ्या घालीत होता. ते जॉन्सनचे वेतन होते. तो इस्पितळात पडून असल्याने त्याला सही करून पैसे उचलता येत नव्हते. लिंकनने खटपट करून ते काढले होते, आणि ज्याची जशी इच्छा तशी वाटणी करून ठेवीत होता. राज्याची कामे खोळंबली होती आणि अध्यक्ष एका निरोप्याच्या पगाराचा हिशेब लावीत होता. जॉन्सन त्याच महिन्यात वारला. त्याने बँकेतून १५० डॉलर कर्ज घेतले होते आणि लिंकन त्याला जामीन होता. बँकेच्या अधिकाऱ्याने ते सोडून देण्याची तयारी दाखवली, पण लिंकनने ऐकले नाही. अखेर दोघांनी निम्मे-निम्मे सोसावे असे ठरले. फिलेमोनाला लिहिताना पौलाने अनेसिमाचे देणे आपल्या नावावर मांडण्यास सांगितले होते, त्याची येथे आठवण होते.

लिंकन रविवारी न्यू यॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन मंडळीत उपासनेस जाई. तेथील पाळक फिनियस गर्ली यांनी विलीची अंत्योपासना चालवली होती. याच प्रेस्बिटेरियन परंपरेतील अमेरिकन मिशनने पुढे कोल्हापूर-सांगली भागात काम केले, आणि आमच्या पेडण्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की लागणाऱ्या वेंगुर्ले तालुक्यात सेंट लूक्स इस्पितळ चालवले. लिंकन त्या मंडळीचा सभासद मात्र झाला नाही. त्याच्या विश्वासाची माप आपण काढू नये. ईयोबावर टेकलेले ते डोके, परिचारिकेला पुन्हा पुन्हा विचारलेला तो प्रश्न, एवढे आपल्याजवळ आहे.

११ एप्रिल १८६५ रोजी, युद्ध जिंकल्यावर, लिंकनने आपल्या वाड्याच्या खिडकीतून भाषण केले, आणि काही कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळावा असे प्रथमच जाहीरपणे सांगितले. एलिझाबेथ केकली तेथे होती. दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या त्या माणसाला कोणी सहज गोळी घालील, असे तिच्या मनात आले. त्या गर्दीत त्याचा मारेकरी उभा होता. तीन दिवसांनी, उत्तम शुक्रवारच्या रात्री, नाट्यगृहात त्याने लिंकनवर गोळी झाडली. १५ एप्रिलच्या सकाळी लिंकनने प्राण सोडला तेव्हा पाळक गर्ली यांनी त्या अरुंद बिछान्यापाशी गुडघे टेकून प्रार्थना केली. मेरी लिंकनना त्या दुःखात एलिझाबेथच जवळ हवी होती, आणि ती गेली. स्प्रिंगफील्डच्या अंत्ययात्रेत बिली न्हाव्याला प्रतिष्ठितांबरोबर पुढे चालण्याचा मान देऊ केला होता, पण तो मागे आपल्या लोकांत चालला असे सांगतात.

लिंकनला जगाने संगमरवरात बसवले. जॉन्सनची कबर नेमकी कोणती हे आज खात्रीने सांगता येत नाही. एलिझाबेथने १८६८ साली आठवणींचे पुस्तक काढले. त्यात मेरी लिंकनची खाजगी पत्रे छापली गेली, ती मैत्री कायमची तुटली, आणि गिऱ्हाइकेही गेली. १९०७ साली ती वॉशिंग्टनमधील निराधार स्त्रियांच्या आश्रमात वारली. तिच्या कबरेवर नावाचा दगड २०१० साली बसवण्यात आला.

आपण आजवर मुलांना सांगत आलो की लिंकनने या लोकांना उचलले. त्यांनी त्याला सावरले, हे सांगावयाचे राहून गेले. निरक्षर आईने पुस्तकाची वाट मोकळी केली, मुलगा गमावलेल्या आईने त्याच्या मुलाला निरोप दिला, विधवेने विश्वास शिकवला, चाकराने तापल्या कपाळावर पाणी लावले. नामानाच्या घरातल्या त्या परदेशी मुलीचे नाव पवित्र शास्त्रात नाही, पण तिच्या एका बोलण्यावाचून तो सेनापती बरा झाला नसता. या माणसांची नावे तर आपल्याला माहीत आहेत. येत्या रविवारी लिंकनची गोष्ट सांगाल तेव्हा निदान दोन नावे फळ्यावर लिहा: विल्यम जॉन्सन आणि एलिझाबेथ केकली.

आणि वर्ग सुटल्यावर आपणही थोडे थांबू. पेडणे-डिचोलीतल्या आपल्या मंडळ्या लहान आहेत, पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी भांडी घासायला कोणी येते, बागेत कोणी राबते, दुकानावर दूर गावचा एखादा मुलगा काम करतो. मंडळीत आपण कसे उभे राहतो, कशी प्रार्थना करतो, हे पाळकांना ठाऊक असते. घरी आपण कसे असतो हे त्यांना ठाऊक असते. त्यातला एखादा आजारी पडला तर त्याच्या पगाराचा हिशेब आपण स्वतः बसून लावू काय? आपली साक्ष एके दिवशी त्यांच्याकडेच मागितली जाईल असे समजून, प्रभूने आपणास वागण्याची बुद्धी द्यावी.